सारांश आमच्यासाठी, अहवाल त्यांच्यासाठी

आकड्याला भाषा नसते, असे एक विधान हल्ली विद्यापीठांतून आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. पाच म्हणजे पाच. ते मराठीत मोजा, इंग्रजीत मोजा की तमिळमध्ये मोजा, त्यात भाषेचा प्रश्न येतोच कोठे? आम्हांस हे विधान मान्य नाही. वरवर ते निरागस दिसते. परंतु त्याच्या आडोशाने एक मोठा अन्याय बिनबोभाट चाललेला आहे, आणि त्याची झळ आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना, विशेषतः किनाऱ्यावरच्या आणि शेतीवाडीवर जगणाऱ्या कुटुंबांना, थेट पोहोचते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आकड्याला भाषा नसती, तर २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’च्या जोडीला ‘पन्नास तीन’ हे वाचन आले तेव्हा अवघा महाराष्ट्र महिनाभर भांडला नसता. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा आजचा विषय नाही. संख्या वाचण्यापूर्वीच मुलाला भाषा आडवी येते किंवा भाषा हात देते, एवढे मात्र त्या वादाने सिद्ध केले. आम्हांस आज बोलायचे आहे ते मोठ्यांच्या आकड्यांविषयी.

पत्रकारितेत गेल्या दीड दशकात एक शाखा विशेष मान्यता पावली आहे. तिला ‘डेटा जर्नालिझम’ म्हणतात. ‘डेटा’ला ‘विदा’ असा प्रतिशब्द काही अभ्यासक वापरतात. आम्ही येथे साधेपणाने ‘आकडेवारीची पत्रकारिता’ म्हणू. पुढारी काय बोलला हे छापण्याऐवजी सरकारी तक्ते, अंदाजपत्रके, जन्ममृत्यूचे दाखले उघडून बसायचे, त्यांची एकमेकांशी ताळमेळ लावून तपासणी करायची आणि रकान्यांत दडलेली बातमी बाहेर काढायची, हे तिचे काम. संगणकाने तिला बळ दिले हे खरे, परंतु ती संगणकाची लेक नव्हे. ५ मे १८२१ रोजी ‘मँचेस्टर गार्डियन’चा पहिला अंक निघाला, त्यात मँचेस्टरच्या शाळांचा एक तक्ता होता: कोणत्या शाळेत मुले किती, वर्षाचा खर्च किती. मोफत शिक्षण घेणारी मुले आठ हजारांच्या आसपास असावीत असा अधिकृत अंदाज होता. तक्त्यातून निघाली पंचवीस हजारांच्या घरात. गरीब किती आहेत हे मोजण्यात सत्ताधाऱ्यांची नजर नेहमीच थोडी अधू असते.

त्याहीआधी, १६६२ साली, जॉन ग्राँट नावाच्या लंडनच्या एका कापडव्यापाऱ्याने धर्मग्रामांतून दर आठवड्याला गोळा होणाऱ्या मृत्यूंच्या याद्या समोर ठेवल्या आणि कोणता रोग किती माणसे नेतो, कोणत्या वयात मुले दगावतात, याचा हिशेब मांडला. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ तेथून धरतात. इंग्लंडातील धर्मग्रामांत नोंदवहीची प्रथा १५३८ पासून होती. कॅथोलिक जगात त्रेंतच्या परिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवणे धर्मगुरूवर बंधनकारक केले. तेव्हा आमच्या कपाटातील स्नानसंस्काराच्या आणि दफनाच्या जीर्ण वह्यांकडे तरुण वाचकांनी केवळ दाखला काढण्याचे साधन म्हणून पाहू नये. आकडेवारीची जी विद्या आज विद्यापीठांत शिकवली जाते, तिचे बालपण अशाच वह्यांच्या मांडीवर गेले.

आता मुद्द्याकडे वळू. या विषयाचे नामवंत अध्यापक, बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठाचे पॉल ब्रॅडशॉ यांनी २०११ साली आकडेवारीच्या पत्रकारितेची एक उतरंड मांडली, ती पुष्कळ ठिकाणी शिकवली जाते. आधी आकडे गोळा करा; मग ते निवडून स्वच्छ करा; त्यांना संदर्भ द्या; दुसऱ्या आकड्यांशी जोडा; आणि शेवटी ते लोकांपर्यंत पोहोचवा. मांडणी उत्तम आहे, विद्यार्थ्याला उपयोगी आहे. आमचा आक्षेप तिच्यावर नसून आपल्याकडे ती ज्या पद्धतीने राबवली जाते तिच्यावर आहे. आपल्याकडे भाषेची आठवण होते ती अगदी शेवटच्या पायरीवर. सगळे शोधकार्य इंग्रजीत उरकायचे, इंग्रजीत प्रसिद्ध करायचे आणि मग उरलासुरला भाग मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये ‘उपलब्ध करून द्यायचा’. यालाच बहुभाषिक माध्यम म्हणायचे! ज्या देशात मोजणारा एका भाषेत विचारतो, मोजला जाणारा दुसऱ्या भाषेत उत्तर देतो आणि छापणारा तिसऱ्या भाषेत छापतो, तेथे भाषा ही पहिल्याच पायरीवर हजर असते. तिला पाचव्या पायरीवर बोलावणे म्हणजे लग्न लागल्यावर वधूला निरोप धाडण्यासारखे आहे.

आमचे म्हणणे एका उदाहरणाने स्पष्ट करू. ते दुःखद आहे, पण महाराष्ट्राला ते टाळता येणार नाही. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, ज्याला सारे ‘एनसीआरबी’ म्हणतात, १९९५ पासून शेतीवर जगणाऱ्यांच्या आत्महत्यांची संख्या वेगळी छापू लागला. या आकड्यांची कसून छाननी केली ती पत्रकार पी. साईनाथ यांनी आणि मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजचे अर्थशास्त्रज्ञ के. नागराज यांनी. महाराष्ट्र या यादीत वर्षानुवर्षे सर्वांत वर होता, हे देशाला कळले ते या कामामुळे. पण त्या आकड्याच्या मुळाशी काय आहे ते पाहू. गावात माणूस जातो. पोलीस ठाण्यात नोंद होते. मृत ‘शेतकरी’ होता की नव्हता हे ठरवायचे असते. सातबाऱ्यावर नाव असेल तर तो शेतकरी. बटाईने दुसऱ्याचे रान कसणाऱ्याचे काय? सासऱ्याच्या नावावरच्या शेतात वीस वर्षे निंदणी-खुरपणी करणाऱ्या सुनेचे काय? मराठी बोलणाऱ्या कोणालाही विचारा, तो म्हणेल, शेतीच करत होती की बाई! पण कागदावर ती ‘गृहिणी’ होते, आणि तिचा मृत्यू दुसऱ्या रकान्यात जाऊन पडतो.

दुसरा कागद महसूल खात्याचा. २००६ च्या जानेवारीतील शासन निर्णयाप्रमाणे अशा कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. मात्र प्रकरण ‘पात्र’ ठरले तर. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा मान्यताप्राप्त सावकाराचे असले पाहिजे, फेडीचा तगादा असला पाहिजे. ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दात किती कुटुंबे अडकून पडली असतील याची कल्पना करा. गरजू माणूस रात्री ज्याच्या दारात जातो, त्या सावकाराने परवान्याची पाटी क्वचितच लावलेली असते. पात्र, अपात्र, प्रलंबित, असे तीन रकाने अमरावती विभागाच्या तक्त्यांत वर्षानुवर्षे भरले जात आहेत. हे तिन्ही शब्द मराठी आहेत. त्यांचा अर्थ इंग्रजी तक्त्यात ‘एलिजिबल’ असा उतरला की त्यातली माणसाची चडफड नाहीशी होते, आणि मुंबई-दिल्लीत बसून तो तक्ता वाचणाऱ्यास सावकाराच्या पाटीचा प्रश्न सुचतही नाही. तो सुचतो यवतमाळच्या वार्ताहराला. पण या वार्ताहराला तक्ता वाचायला शिकवणारे कोणी नाही, आणि ज्याला तक्ता वाचता येतो त्याला यवतमाळ वाचता येत नाही.

याचा परिणाम काय झाला तेही पाहा. २०१३ सालच्या अहवालात शेतीतील आत्महत्या होत्या ११,७७२. २०१४ च्या अहवालात आकडा आला ५,६५०. निम्मा! प्रत्यक्षात त्या वर्षी रकाना बदलला होता. तोवर जे एका वर्गात मोजले जात होते त्यांचे शेतकरी आणि शेतमजूर असे दोन भाग करण्यात आले, आणि शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० मृत्यू होते. दोन्ही मिळवले तर बेरीज १२,३६० होते, म्हणजे घट तर नाहीच, उलट वाढच. साधी बेरीज आहे; चौथीतल्या मुलाला यावी अशी. पण ती करण्यासाठी वर्षापूर्वीचा अहवाल आठवावा लागतो आणि तळटीप वाचावी लागते. ती तळटीप इंग्रजीत असते.

ब्रॅडशॉ महाशयांच्या दुसऱ्या पायरीचे, म्हणजे आकडे ‘स्वच्छ’ करण्याचे, एक उदाहरण तर खुद्द भाषेचेच आहे. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपली मातृभाषा म्हणून जी नावे सांगितली ती होती १९,५६९. कार्यालयात त्यांची छाननी झाली आणि १,३६९ मातृभाषा उरल्या; १,४७४ नावे ‘अवर्गीकृत’ म्हणून बाजूला गेली. पुढे दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या मातृभाषांची गटवारी करून १२१ भाषा छापल्या गेल्या. २०१८ साली हे तक्ते प्रसिद्ध झाले तेव्हा वृत्तपत्रांनी ठळकपणे सांगितले की हिंदी ५२ कोटींवर गेली. त्या ५२ कोटींत भोजपुरी बोलणारे पाच कोटींहून अधिक लोक आहेत, राजस्थानी आहेत, छत्तीसगढी आहेत. ज्यांनी ‘हिंदी’ असेच सांगितले ते ३२ कोटी २२ लाख. मराठीचा आकडा ८,३०,२६,६८०. आपली मालवणी कोकणीच्या खाली मोजली जाते. असे का, असे एखाद्या मालवणी आजीने विचारले तर तिला काय उत्तर द्यायचे? स्वच्छ करणे हा शब्द चांगला आहे. परंतु झाडू कोणाच्या हाती आहे आणि केर म्हणून काय बाहेर टाकले गेले, हे ज्याचे घर आहे त्याला समजले पाहिजे की नको?

यावर मराठी डिजिटल माध्यमांतले आमचे मित्र एक ठरलेले उत्तर देतात. म्हणतात, फादर, मराठी वाचकाला तक्ते आवडत नाहीत; त्याला गोष्ट हवी, चित्रफीत हवी, वाद हवा. आम्हांस हे उत्तर ऐकून वाईट वाटते, कारण त्यात वाचकाविषयी एक छुपी तुच्छता आहे. जो वाचक पंचांगातील घटी-पळे पाहतो, कांद्याचा लासलगावचा भाव रोज तोंडपाठ ठेवतो, क्रिकेटच्या सरासऱ्या दशांशापर्यंत सांगतो, मासळी-लिलावात क्षणात हिशेब करतो, त्याला तक्ता कळत नाही? आमच्या कोळी भगिनींपुढे बसून एकदा वाट्याचा हिशेब करून पाहा म्हणावे.

आणि पुरावाच हवा असेल तर शेजारच्या गुजरातेत पाहा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट भरात असताना ‘संदेश’ या गुजराती दैनिकाने अहमदाबादच्या शवागाराबाहेर आपले वार्ताहर उभे केले आणि बाहेर पडणारी शवे एकेक करून मोजली. १४ मे रोजी ‘दिव्य भास्कर’ने छापले की १ मार्च ते १० मे या काळात राज्यात सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूचे दाखले दिले गेले; आदल्या वर्षी याच दिवसांत ते ५८ हजार होते; आणि सरकारच्या हिशेबी या काळातले करोनाचे बळी ४,२१८. वाढलेला प्रत्येक मृत्यू करोनाचाच होता असे त्यांनीही म्हटले नाही, आम्हीही म्हणत नाही. पण दोन आकड्यांमधली ती दरी झाकणे मग कोणालाच शक्य झाले नाही. अवघ्या जगाच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. ही बातमी इंग्रजीतून गुजरातीत आली नव्हती. ती गुजरातीतून इंग्रजीत गेली. दाखले गुजरातीत होते, दाखला देणारा कारकून गुजराती होता, रांगेत उभे असलेले नातेवाईक गुजराती होते आणि वार्ताहरही त्यांच्यातलाच होता. आकडेवारीची पत्रकारिता देशी भाषेत होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी या दोन अंकांपुढे उभे राहावे.

आता आमच्या किनाऱ्याची गोष्ट. पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ, वाढवण येथे महाबंदर होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी त्यास मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव. दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक बांध. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली येथील बंदराचा प्रस्ताव नाकारला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ च्या जुलैअखेर नव्या प्रस्तावाला संमती दिली. बंदर असावे की नसावे, यावर आमच्या वाचकांत दोन मते आहेत आणि आज आम्ही त्यात पडत नाही. आम्ही विचारतो ते वेगळेच: मच्छीमाराने मत बनवावे तरी कशाच्या आधाराने?

पर्यावरणावरील परिणामांविषयीची २००६ ची अधिसूचना सांगते की जनसुनावणीपूर्वी अहवालाचा मसुदा ठेवावा, आणि त्याचा सारांश इंग्रजीत व राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यावा. सारांश! शेकडो पानांचा मूळ अहवाल, त्यातील माशांच्या जातींचे तक्ते, भरती-ओहोटीचे आलेख, गाळ कोणत्या दिशेने सरकेल याची गणिते, हे सारे इंग्रजीत. आणि ज्याच्या जाळ्यात उद्या मासा येणार की गाळ येणार हा प्रश्न आहे, त्याच्या हाती काही पानांचा गोषवारा. मग तो कागद घेऊन माणसे येतात कोणाकडे? शाळेच्या मास्तरांकडे, वकिलाकडे, नाहीतर धर्मगुरूकडे. “फादर, जरा बघा, यात आमच्या बाजूचं काय लिहिलंय?” आम्ही सेमिनरीत लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो, थोडीफार ग्रीकही घोकली. खाडीच्या गाळाचे गणित आम्हांस येत नाही. पण त्या कोळ्याला ते येते! पन्नास वर्षे त्याने तो गाळ पायांनी मोजला आहे. मूळ तक्ता त्याच्या भाषेत त्याच्यापुढे ठेवला असता, तर चूक कोठे आहे हे त्याने क्षणात दाखवले असते, किंवा बरोबर असेल तर तेही मान्य केले असते. जाणकाराला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला सारांश द्यायचा आणि इंग्रजी येणाऱ्या अजाणकाराला अहवाल द्यायचा, याला कायद्यात काहीही म्हणत असोत, आम्ही याला अन्यायच म्हणतो.

ही केवळ आमची कुरकुर नव्हे. २०२० साली याच अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला तो इंग्रजी आणि हिंदीत. त्याचा परिणाम लक्षद्वीपपासून नागालँडपर्यंत सर्वांवर होणार, म्हणून ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. केंद्र सरकारने काय करावे? अनुवादक नेमावेत? सरकार आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्थानिक भाषेचा विचार करून माहिती प्रसृत करावी असे लिहिले आहे. महाराष्ट्राला १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. अभिजात भाषेत समुद्राच्या गाळाचा तक्ता छापता येत नाही, असे तर कोणी म्हणत नसेल ना?

येथे नव्या युगाचे भक्त हसतील. म्हणतील, आता यंत्रच अनुवाद करते. ‘भाषिणी’ २०२२ पासून आहे, मद्रास आयआयटीच्या संशोधकांनी बावीस भाषांसाठी अनुवादयंत्र घडवले आहे. तुम्ही कोणत्या जमान्यातले गाऱ्हाणे मांडता? या संशोधकांचे आम्हांस कौतुकच आहे. साधे पत्र, साधी सूचना यंत्र चांगली सांगते. परंतु यंत्र शब्द बदलते. रकाना बदलत नाही. जनगणनेच्या तक्त्यात ‘हाउसहोल्ड’ म्हणजे घर नव्हे. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे ‘हाउसहोल्ड’. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की म्हणतात, ‘त्यांनी चूल वेगळी मांडली’. एका घरात दोन चुली असू शकतात, हे आमच्या भाषेला जनगणनेच्या आधीपासून ठाऊक आहे! अनुवादात ‘घर’ आले की गावातल्या कुटुंबांची संख्या चुकते, आणि पाण्याच्या योजनेचा हिशेब चुकतो. वर्षात सहा महिन्यांहून कमी काम मिळालेल्या मजुराला इंग्रजी तक्ता ‘मार्जिनल वर्कर’ म्हणतो. मराठीत त्याचे ‘सीमांत कामगार’ झाले की वाचकाला वाटते हे सरहद्दीवर काम करणारे कोणी असावेत. आणि ‘मिलियन’चे जे ‘दशलक्ष’ होते त्याचे तर विचारूच नका. बाजारात, बँकेत, बिशप हाऊसच्या हिशेबातही लाख-कोटीच चालतात, ‘३.२ दशलक्ष’ ऐकून किती हे ज्याला चटकन सांगता येईल त्याला आम्ही आमच्या खर्चाने चहा देऊ.

शिवाय यंत्राला वाचायला तरी काही द्यायला हवे. मराठी शासकीय कागदांचा मोठा साठा जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत अडकला आहे; पडद्यावर सुवाच्य दिसतो, पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की अक्षरांची खिचडी होते. पुष्कळसा केवळ छायाचित्रासारखा ठेवलेला आहे. मतदारयाद्याच घ्या: २०१८ पासून त्या चित्ररूपात प्रसिद्ध होतात, आणि शोधता येईल अशा स्वरूपात त्या द्याव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फेटाळली. मतदाराच्या खासगीपणाचे कारण त्यामागे सांगितले जाते, आणि त्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कागद दिसतो, पण तपासता येत नाही, ही स्थिती पत्रकारितेला मारक आहे एवढे खरे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे मराठीत छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. तेव्हा खिळे नव्हते हे कारण खरे होते. आज युनिकोडमध्ये देवनागरी येऊन तीन दशके उलटली. आज कोणते कारण सांगायचे?

मराठीत काहीच चांगले होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाचे, म्हणजे ‘पारी’चे मराठी अनुवाद मन लावून केलेले असतात, तेथे अनुवादकाला लेखकाइतका मान आहे. इंडियास्पेंडसारख्या संस्था २०११ पासून या क्षेत्रात आहेत. परंतु मराठीत प्रथम विचारलेला प्रश्न, मराठीत उलगडलेला तक्ता आणि मग इतर भाषांनी उचललेली बातमी, हा क्रम आपल्याकडे विरळा. आणि याचा दोष आम्ही सर्वप्रथम विद्यापीठांकडे देतो. पत्रकारितेच्या वर्गात मराठीचा विद्यार्थी भाषणाची बातमी लिहायला शिकतो, अंदाजपत्रक वाचायला शिकत नाही. संख्याशास्त्राचा विद्यार्थी सूत्रे शिकतो, पण आपल्या जिल्ह्याचा तक्ता मराठीत चार माणसांना समजावून सांगणे त्याच्या परीक्षेत नसते. दोन्ही विभाग एकाच आवारात, मध्ये एक वडाचे झाड.

ज्याने मराठी वृत्तपत्राचा पाया घातला त्याला हे विचित्र वाटले असते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले ते दोन भाषांत: एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. खाली-वर नव्हे, शेजारी-शेजारी. मराठीला सारांश आणि इंग्रजीला लेख, अशी वाटणी तेथे नव्हती. आणि हे बाळशास्त्री कोण? पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि ज्योतिष शिकवणारे अध्यापक! गणित, भाषा आणि वृत्तपत्र या तिन्ही गोष्टी एका माणसात नांदत होत्या. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी आपण त्या तिघांना तीन इमारतींत कोंडून ठेवले आणि त्याला प्रगती म्हणू लागलो. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे काव्यशास्त्र जरूर शिकवा, पण सातबारा, जनगणना आणि पर्यावरण अहवाल मराठीत वाचण्याचा एक अभ्यासक्रमही ठेवा, अशी आमची जाहीर मागणी आहे. त्यासाठी यवतमाळचा वार्ताहर आणि डहाणूचा मच्छीमार यांना पाहुणे नव्हे, अध्यापक म्हणून बोलवा.

वाचकांकडेही आमचे एक काम आहे, आणि ते लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरवली. ही गणना कागदावर नव्हे तर मोबाइलवर होणार, आणि तीत जातीचीही नोंद होणार. सम्राट औगुस्ताच्या शिरगणतीसाठी योसेफ आणि मरिया यांना बेथलेहेमपर्यंत चालत जावे लागले. आपल्याला दारातच उत्तर द्यायचे आहे. मातृभाषेच्या प्रश्नावर, आपण जे नाव सांगू तेच जसेच्या तसे नोंदवण्याचा प्रगणकास नियम आहे. घरात सामवेदी बोलत असाल तर सामवेदी सांगा, वाडवळी बोलत असाल तर वाडवळी, कोळी बोली असेल तर कोळी. मराठी असेल तर मराठी. चुली किती त्या मोजून सांगा. शेतात, वाडीत, होडीवर राबणाऱ्या बाईचे काम ‘घरकाम’ म्हणून लिहू देऊ नका. आणि तक्ते निघतील तेव्हा आपण सांगितलेले नाव कोणत्या रकान्यात गेले, ते कोणाच्या खाली घातले आणि का घातले, याचा पूर्ण खुलासा, सारांश नव्हे, मराठीत मागणारे पत्र प्रत्येक धर्मग्रामातून जनगणना कार्यालयाकडे गेले पाहिजे. त्या पत्राचा मसुदा धर्मग्राम मंडळांच्या पुढील सभांपुढे ठेवण्यास आमची तयारी आहे.